तीन साक्षीदारांची मोटार

परतूरला मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो, त्या वकीलसाहेबांच्या मोटारीत बसायचं म्हणजे आधी बोटातली अंगठी काढावी लागे. पक्षकार असो की पाव्हणा, कुणाला सूट नव्हती. एकदा गल्लीतल्या एका लग्नात वरातीसाठी साहेबांची मोटार मागून आणली होती. नवरदेव मुंडावळ्या बांधून, हातात कट्यार घेऊन मोटारीपाशी आला, तर साहेब बॉनेट उघडं टाकून उभे. "बोटात सोनं आहे का? काढा. कट्यार तिकडं लांब ठेवा," असा हुकूम झाला. नवरदेव काय इंजिनात हात घालणार आहे का, असं करवलीने फणकाऱ्याने विचारलं. त्यावर साहेब म्हणाले, "माणसाचा हात कधी कुठं जाईल, याला तुम्ही जामीन राहता का?" जामीन राहायला कुणी पुढे आलं नाही. बँडवाल्यांनी एक गाणं संपवून दुसरं वाजवलं, ते संपवून पुन्हा पहिलंच सुरू केलं, तेव्हा कुठे मोटार बॅटरी भरते आहे हे सिद्ध झालं आणि वरात हलली.

मी घनसावंगीकडचा. आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला वकील म्हणून वस्तीने मला हार घातला, वर्गणी काढून मनगटी घड्याळ दिलं आणि परतूरला पाठवलं. कोट थोरल्या चुलत्याचा होता आणि माझ्या अंगावर तो अजूनही चुलत्याचाच वाटे. साहेबांनी पहिल्या दिवशी मला वरून खाली न्याहाळलं. कायद्याचं काही विचारतील म्हणून मी कलमं घोकून गेल्तो. त्यांनी विचारलं, "बिडी पितोस?" म्हटलं, न्हाई. "मंग ये, ते घड्याळ काढून ठेव." माझी वकिलीची सुरुवात मोटारीच्या बॉनेटखाली झाली, हे मी वस्तीत कुणाला सांगितलं नाही.

मोटार जुनी, काळ्या रंगाची. ती कुणाकडून घेतली याबद्दल साहेब दर वेळी वेगळी हकीगत सांगत आणि प्रत्येक हकीगतीत विकणारा रडत असे. मागच्या सीटवर बसलं की खड्ड्यागणिक माणूस आपोआप उभा राही, न्यायाधीश आत आल्यावर कोर्टात राहतो तसा. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी तिथे असेपर्यंत ती मोटार रस्त्यात बंद पडली असं झालं नाही, कारण ती पूर्ण तपासल्याशिवाय रस्त्यावर येतच नसे.

याचं मूळ साहेबांच्या सासऱ्यांत होतं. लग्न नवं असताना साहेब त्यांना मोठ्या ऐटीत मोटारीतून गावी घेऊन निघाले आणि वाटेत डायनॅमोने दगा दिला. इंजिन फिरतं तेव्हा पट्ट्यावर डायनॅमो फिरतो आणि बॅटरीतली खर्च झालेली वीज परत भरतो. तो नुसताच फिरतोय, भरत काही नाही, हे चालवणाऱ्याला लवकर कळत नाही. बॅटरी बिचारी शिल्लक खात निमूट चालत राहते आणि मग एकदम बसते. तशी ती बसली. सासरेबुवांना मोटारीत बसूनच, पण बैलगाडीच्या मागे दोराने ओढत गावात यावं लागलं. वेशीपाशी सगळं गाव जमलं होतं. सासऱ्यांनी हे जन्मभर विसरू दिलं नाही. दिवाळीला सासूबाई जावयाला ओवाळत असताना सुद्धा सासरेबुवा दोराची चौकशी करत.

तेव्हापासून साहेबांनी तपासणीची पद्धत बसवली. ते हैद्राबादला उर्दूतून कायदा शिकलेले, त्यामुळे मोटारीवर भरवसा ठेवण्याचा त्यांचा मार्गही कोर्टाचाच होता. "एक गवाह म्हणजे गवाह न्हाई," ते म्हणत. "दोन जुळले तर विचार करू. तीन जुळले तर निघू." पहिला साक्षीदार स्टेअरिंगसमोरचा लाल दिवा. किल्ली फिरवली की तो लागायचा आणि इंजिनाने वेग घेतला की विझायचा. दुसरा साक्षीदार मीटर. त्याच्या दोन तारा बॅटरीला लावायच्या. इंजिन बंद असताना काटा बारा व्होल्टच्या थोडा वर असे, आणि इंजिन जोरात फिरवलं की चौदाकडे सरकला पाहिजे. तिसरी साक्षीदार भिंत.

भिंत साहेबांच्या घरासमोरच्या शाळेची. तिच्यावर सरकारी खात्याने कुटुंबनियोजनाचा मोठा लाल त्रिकोण रंगवला होता. दिवेलागणीला साहेब मोटारीचं तोंड त्या त्रिकोणाकडे करत आणि पुढचे दोन्ही दिवे लावत. इंजिन हळू असताना त्रिकोण विटकरी दिसे. वेग वाढवला की उजेड फुले आणि त्रिकोण लालभडक होई. तो लाल झाला की साहेब कमरेवर हात ठेवून म्हणत, "बराबर!" सरकारने तो त्रिकोण ज्या कामासाठी काढला होता त्याचा गल्लीत फारसा उपयोग झालेला दिसला नाही, पण साहेबांची बॅटरी त्याने बरीच वर्षं सांभाळली.

साक्ष सुरू होण्याआधीचा बंदोबस्त मात्र पाहण्यासारखा असे. चाकांना पुढून-मागून दगड. हँडब्रेक ओढलेला, गिअर काढलेला. धूर कोंडू नये म्हणून मोटार नेहमी उघड्यावर. बिडीवाले थेट शाळेच्या फाटकापलीकडे, कारण बॅटरीतून गॅस निघतो आणि एक ठिणगी पडली की सगळं तेजाब तोंडावर. अंगठ्या, कडी, घड्याळं पितळी पानाच्या डब्यात, कारण दोन टोकांच्या मधे धातू आला की बोटच भाजून निघतं. गंमत म्हणून बघायला आलेल्या माणसांच्याही अंगठ्या डब्यात जात. असा एक मास्तर आपली अंगठी विसरून गेला आणि बायकोला काय सांगू म्हणून रडकुंडीला येऊन परत आला. साहेबांनी त्याच्याकडून ती आपलीच असल्याच्या दोन खुणा वदवून घेतल्या, मगच दिली.

उपरणंही बंद होतं. त्याचं कारण खुद्द साहेब. एकदा ते वाकून डायनॅमोचा आवाज ऐकत असताना गळ्यातल्या उपरण्याचं टोक पंख्याने धरलं. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, नेमक्या चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपबशी तिथेच टाकली, दार उघडलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. साहेबांना गळ्याशी नुसता एक लाल वळ उठला. काकूंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "उद्यापास्नं आत मी बसणार. किल्ली माझ्यापाशी." साहेबांनी हरकत घेतली, ती फेटाळली गेली. तेव्हापासून तपासणीच्या वेळी नऊवारी नेसलेल्या काकू स्टेअरिंगमागे बसत, साहेब ओरडले की पायाने ॲक्सिलरेटर दाबत आणि लाल दिव्याची साक्ष देत. परतूरात तेव्हा मोटारीच्या त्या जागेवर दुसरी बाई बसलेली मी पाहिली नाही. तपासणी संपली की काकू उतरून डावीकडे जात आणि साहेब चालवायला बसत.

साहेबांच्या शंकेखोरपणाला घरात कुणी किंमत देत असेल असं वाटत नाही. जेवताना ते विचारत, "वरणात मीठ घातलं, याला पुरावा काय?" काकू वाढता वाढता म्हणत, "जीभ आहे की तुम्हाला." एवढ्यावर निकाल लागे. जिल्ह्यातल्या भल्याभल्या वकिलांना साहेबांनी कोर्टात रडवलं, पण काकूंपुढे त्यांची एक केस उभी राहिली नाही.

एकदा जालन्याहून एक मेकॅनिक आला होता. माणूस हुशार, पण घाईचा. तो म्हणाला, "साहेब, एवढं कशाला? इंजिन चालू ठेवू अन् बॅटरीची तार काढू. गाडी चालू राह्यली म्हंजे डायनॅमो ठीक." त्याचा हात तारेकडे गेला मात्र, साहेब दोन्ही हात पसरून बॉनेटसमोर आडवे झाले. "बिलकुल न्हाई! माणसाला पोहता येतं का बघायला त्याला आडात ढकलतोस का तू? तार काढली अन् ठिणगी उडाली तर? सगळे दिवे फुकट जळले तर?" मेकॅनिक म्हणाला, "सगळे असंच करून राह्यले, साहेब." साहेब म्हणाले, "सगळे करतात म्हणून तर कोर्टं चालून राह्यलीत." पुढे त्यांनी इतका वेळ युक्तिवाद केला की मेकॅनिकने दोन चहा घेतले आणि पान्याला हात न लावता जालन्याची गाडी पकडली.

हळूहळू साहेबांनी मीटर माझ्याकडे सोपवलं. "तू वाच," एके दिवशी म्हणाले. मला वाटलं, बढती मिळाली. मी छाती काढून काटा वाचू लागलो. भिंत मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती.

बढतीचा खुलासा काकूंनी केला. मी ओसरीवर कागद लावत बसलो होतो आणि त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुला मीटर का दिलं, ठाऊक आहे का? त्यांना काटा दिसत न्हाई."

मी म्हटलं, "काकू, काय बोलता?"

"कागद वाचायचा असला की खिडकीपाशी जातात, ते बघितलं न्हाईस?"

बघितलं होतं. मला ती त्यांची विचार करायची ढब वाटली होती आणि मीही तशी सवय लावून घेत होतो.

"मोतीबिंदू असंल," त्या म्हणाल्या. "मागं धावड्याला लग्नाला गेल्तो न्हाई का आम्ही? येताना ऊन उतरलं होतं. म्होरं कापसाची बैलगाडी, एवढी मोठी, अन् हे आपले चाललेत सरळ. मी ओरडले तवा ब्रेक दाबला. गाडीतला कापूस माझ्या मांडीवर पडला. म्हणाले काय, तर बैलगाडीला दिवा न्हाई, कसूर तिचा."

"मंग तुम्ही सांगा की त्यांना."

"सांगितलं. म्हणे, तू एकटीच गवाह."

काकूंनी सुपातला खडा वेचून अंगणात फेकला. "माझं जाऊ दे. मी बसते बाजूला. पर आठवड्यानं घनसावंगीहून लेकीला आणायचंय बाळंतपणाला. पोटुशी पोर, अन् तो रस्ता. ह्यांनी जावयाला निरोप धाडलाय, मी सोता मोटार घेऊन येतो म्हणून. तिला मी त्या मोटारीत बसू देणार न्हाई. ह्यांनी चालवली तर मी आडवी पडीन चाकापुढं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू सांग ना. तुझं ऐकतील."

माझं कोण ऐकणार होतं? तरी मी हिंमत केली. दुसऱ्या दिवशी कोर्टातून परतताना म्हटलं, "साहेब, औरंगाबादला डोळ्यांचे फार चांगले डॉक्टर आहेत म्हणे."

"कुणाच्या डोळ्यांचे?"

ते नुसते माझ्याकडे वळले. "माझ्या आत्याच्या," मी म्हणालो.

साहेबांना आत्याची इतकी काळजी वाटली की घरी येईपर्यंत ते मला समजावत राहिले. डोळ्यांच्या बाबतीत हयगय करू नये, म्हातारी माणसं खरं सांगत नाहीत, त्यांना जरा दटावूनच न्यावं लागतं. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एसटीत धक्के बसतील तिला. मी नेतो माझ्या मोटारीतनं. सोता चालवत नेतो." त्यांचा मायेचा हात खांद्यावर आणि समोर फाटकात उभ्या काकू माझ्याकडे आशेने बघतायत. मी मान खाली घालून आत गेलो.

आठवडा असाच गेला. लेकीला आणायला निघायच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी मोटार भिंतीसमोर लावली. चाकांना दगड लागले, बिडीवाले हाकलले गेले, डब्यात माझं घड्याळ आणि साहेबांची अंगठी पडली. काकू आत बसल्या. त्यांचा चेहरा आवळलेला होता. रात्रीतून काय करावं याचा विचार माझ्याही डोक्यात चालला होता, म्हणून मीटरच्या तारा लावताना साहेबांनी मला दोनदा हटकलं.

इंजिन सुरू झालं. साहेब भिंतीकडे तोंड करून मोटारीच्या बाजूला उभे राहिले. "हां, वाढवा!"

काकूंनी पाय दाबला. इंजिन गरजलं.

"वाढला!" साहेब आनंदाने म्हणाले. "बघा, कसा लख्ख वाढला उजेड! बराबर! बाकीचे बोला."

मी मीटरकडे बघत होतो. काटा बारावरून हलला नव्हता. हलला तो उलट खाली. मी भिंतीकडे पाहिलं. त्रिकोण विटकरीच होता, आणि विटकरीचाही आता मातकट होत चालला होता.

"साहेब, काटा खाली येऊन राह्यला."

"दिवा विझला न्हाई," आतून काकू म्हणाल्या.

"तारा उलट्या लावल्यास तू," साहेब मला म्हणाले. तारा बरोबर होत्या. मग त्यांनी काकूंची उलटतपासणी घेतली. दिव्यावर बाहेरचा उजेड पडत असेल, काच मळली असेल, पाय अर्धवट दाबला असेल. काकूंनी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं, "दिवा चालू आहे." साहेब चिडले. "पुन्हा! वाढवा!"

इंजिन पुन्हा गरजलं, आणि त्या आवाजासरशी साहेबांचा चेहरा उजळला. "हे काय, वाढला की! आंधळे आहात का सगळे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की साहेब भिंत बघत नव्हते, ऐकत होते. इंजिनाचा आवाज चढला की उजेड वाढतो हे इतक्या वर्षांत त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तपासणी सुरू झाल्यापासून डायनॅमो कधी चुकला नव्हता, म्हणून तेही कधी चुकले नव्हते. मला आता बोलायला हवं होतं. आठवडाभर जे जमलं नाही ते मी कसंबसं म्हणालो, "साहेब, भिंतीवर उजेड न्हाई वाढला. त्रिकोण बी दिसंना झालाय."

काकूंनी इंजिन बंद केलं. एकाएकी सगळं शांत झालं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे. मनातल्या मनात ते साक्षी जुळवत असावेत. ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो, पण ते रस्ता ओलांडून भिंतीपाशी गेले. मोटारीचे दिवे चालूच होते, त्यांची मोठी सावली भिंतीवर पडली. त्यांनी तळहात भिंतीला टेकवला आणि चाचपत उभे राहिले.

"त्रिकोण कुठं आहे रे?" त्यांनी विचारलं.

त्यांचा हात त्याच्यावरच होता. मी ते त्यांना सांगितलं.

परत आले तेव्हा सवयीचा आवाज काढून म्हणाले, "दोन गवाह जुळतात. तिसरा फुटला." पण तो आवाज शेवटपर्यंत टिकला नाही. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाने कुणाची एकट्याची साक्ष मानली नाही, त्याला स्वतःची साक्ष स्वतःच काढून टाकावी लागली होती, आणि त्याने ती काढून टाकली.

पुढचं सगळं त्या मानाने सरळ झालं. सकाळी इंजिन बंद ठेवून, किल्ली काकूंच्या कनवटीला असताना मी बोटाने दाबून पाहिलं, तर पंख्याचा पट्टा सैल होऊन घसरत होता. तो ताणून घेतला. कापसाच्या जीन फॅक्टरीतला ओळखीचा एक ड्रायव्हर बोलावला. मागच्या सीटवरून साहेब त्याला जातायेता सूचना देत होते आणि लेक सुखरूप घरी आली. तिला मुलगी झाली. साहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन औरंगाबादला झालं. जाड भिंगांचा चष्मा लागला आणि त्या चष्म्यातून त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहून विचारलं, हा कोट कुणाचा आहे?

पण त्या संध्याकाळी, भिंतीपाशी जाऊन आल्यावर, साहेब मोटारीच्या दाराला टेकून उभे होते. काकू अजून स्टेअरिंगमागेच होत्या. साहेबांनी खिडकीतून विचारलं, "तुला कधीपास्नं ठाऊक होतं?"

"धावड्यापास्नं."

"अन् तरी बाजूला बसून येत राह्यलीस? जालन्याला, घनसावंगीला, सगळीकडं?"

"मंग काय करू? तुम्ही एकटे गेला असता."

माझे डोळे भरून आले, म्हणून मी मीटर उगाच तोंडासमोर धरून काटा बघत राहिलो. साहेब मोटारीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. काकूंच्या जागेवर बसले, दार लावून घेतलं आणि काचेतून समोर बघू लागले. चाकांना दगड होते, इंजिन बंद होतं, मोटार जागची हलणार नव्हती. तरी त्यांनी समोरच्या डॅशबोर्डची कड हाताने घट्ट धरली.

"हितनं तर लई भेव वाटतं गं," साहेब म्हणाले.

काकूंनी हात लांब करून मोटारीचे दिवे घालवले. "सवय होऊन जाती," त्या म्हणाल्या.